बायाक्काचं पोतं

सोलापुरात आमच्या सोसायटीत मला माझ्या माघारी 'कचराबाई' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं स्वच्छतेचं काम माझ्याकडेच होतं. ती खोड निवृत्त झाल्यावर कुठे जाणार? सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की मी दोन बादल्या घेऊन फाटकाशी हजर. कुणी ओल्यात सुकं मिसळलं की मी बोललेच म्हणून समजा. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कुणी गॅलरीतून पिशवी भिरकावली, तर ती कोणाच्या घरची हे मी आतल्या भाजीच्या देठांवरून सांगू शकते. आमचे दोन शेजारी एवढ्यावरून माझ्याशी बोलत नाहीत.

खेड्यातल्या लोकांबद्दल माझं मत तर एसटीच्या खिडकीतूनच पक्कं झालं होतं. ती माणसं वाटेल तिथे वाटेल ते टाकतात, आणि त्यांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. ते 'कुणीतरी' कोण, हे सांगायला नकोच.

माझ्या शाळेत माझ्याबरोबर काम करणारी शालन सांगोल्याकडची. तिचा थोरला भाऊ सुबराव आणि वहिनी बायाक्का वर्षातले सात-आठ महिने मेंढरं घेऊन फिरतीवर असतात. शालन कितीदा म्हणायची, बाई, एकदा आमच्या वाड्यावर राहून या. वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री आणि माणसं यांचा रानातला मुक्काम, त्याला ते वाडा म्हणतात. या फेब्रुवारीत त्यांचा वाडा केमजवळ होता. मी पिशवी भरली.

केम

पॅसेंजरमधून उतरले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. सुबराव घ्यायला आले होते. साठीचे, उंच, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं आणि हातात मोबाइल. त्यांनी एका ओळखीच्याच्या जीपमध्ये मला बसवलं आणि स्वतः मागे फळीवर उभे राहिले.

ज्वारी नुकतीच निघाली होती. दोन्ही बाजूंना काळं रान आणि त्यात उभी धसकटं, मधूनच कडब्याच्या गंजी. सोलापुरात राहून मी आभाळ विसरले होते. इथे ते चहूबाजूंनी जमिनीला टेकलं होतं आणि मध्ये अडवायला काही नव्हतं. एका बांधावर बाभळीखाली वाडा दिसला. दीडशेच्या आसपास मेंढरं, तीन घोडी, एका घोडीच्या पाठीवर सोलरची पाटी उन्हाकडे तोंड करून बांधलेली. मोबाइल त्याच्यावरच चार्ज होतात, असं सुबरावांनी मला जरा अभिमानानं सांगितलं.

बायाक्का माझ्याच वयाची असावी. तिनं माझे हात हातात घेतले आणि शालन कशी आहे एवढंच विचारून ज्वारीची भाकरी थापायला बसली. सोबत तिची सून कोमल आणि चुलत जावा होत्या. जेवताना मला कळलं की या रानाच्या मालकानं त्यांना बोलावून घेतलंय. मेंढरं चार रात्री इथे बसणार, त्यांच्या लेंड्या आणि मूत जमिनीत मुरणार, आणि त्या बदल्यात मालक ज्वारी देणार. ज्याला आम्ही घाण म्हणून नाकाला पदर लावतो, तिला इथे घरी बोलावणं धाडतात.

पण कौतुक करायच्या ऐवजी मी काय पाहत होते? सुबरावांनी कांदा फोडला आणि सालं खांद्यावरून मागे टाकली. कोमलनं ताटातलं खरकटं तिथेच हिसडलं. चुलीतली राख, मुळ्याचा पाला, कुत्र्यापुढचा तुकडा, सगळं जिथल्या तिथे. माझी जीभ वळवळायला लागली.

मी तासच घेतला त्यांचा. ओला कचरा म्हणजे काय, सुका म्हणजे काय, दोन डबे कसे ठेवायचे. सगळे गुडघ्याला मिठी मारून अदबीनं ऐकत होते. तोवर माझ्यामागे एक शेळी कांद्याची सालं खाऊन संपवत होती, कोमल त्या राखेनं भांडी घासत होती, आणि खरकटं कोंबड्यांनी केव्हाच टिपलं होतं. ओला कचरा दाखवावा म्हटलं तर तिथे काही उरलंच नव्हतं.

सुबराव म्हणाले, "ओल्याचं आमाला कळलं. सुका कुटं जातो?"

मी सांगितलं की रोज सकाळी गाडी येते, ती घेऊन जाते, शहराबाहेर त्याची एक ठरलेली जागा असते.

उरलेल्या भाकरी फडक्यात बांधता बांधता बायाक्काचा हात थांबला. "जागा असती?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. थोड्या वेळानं तिनं परत तेच विचारलं, आणि मी परत हो म्हटलं. खेड्यातल्या बाईला शहरातल्या सोयीचं अप्रूप वाटलं असेल, असं मी मनात धरून चालले.

घरून मी शेंगापोळ्या आणि दहीभात नेला होता. भात उन्हानं आंबला, दोन पोळ्याही मऊ पडल्या. इथे डबा तर नव्हता. मी ते सगळं एका निळ्या कॅरीबॅगमध्ये भरलं आणि माझी नेहमीची दुहेरी गाठ मारली. वर सशासारखे दोन कान राहतात अशी. पोरांना चौतीस वर्षं हीच गाठ शिकवली. तुम्ही म्हणाल, कचराबाईकडे कॅरीबॅग कशी? भाजीला मी कापडी पिशवीच नेते. पण किराण्यातून आलेल्या कॅरीबॅगा कचऱ्यासाठी म्हणून गादीखाली घडी घालून ठेवते, आणि सोलापुरातली कुठलीही बाई ठेवते. ती पिशवी मी बांधावरच्या बाभळीला उंच अडकवली. जाताना परत न्यायची असं ठरवलं, आणि सगळ्यांनी पाहावं म्हणून जरा मुद्दाम समोरच्या फांदीला अडकवली.

रान निवडणं

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना कोमलनं मला उठवलं. शेजारच्या रानात आज मेंढरं सोडायची होती, त्याआधी रान निवडायचं होतं. तांदूळ निवडतात हे मला माहीत होतं, रान निवडतात हे पहिल्यांदा ऐकलं.

पाच बायका बांधाला एका ओळीत उभ्या राहिल्या. दोघींमध्ये हातभर अंतर. मला बायाक्काच्या शेजारी जागा दिली. बाकीच्यांसारख्या तिनंही पायातल्या चपला काढून बांधावर ठेवल्या. मी म्हटलं, अहो, धसकटं आहेत, पाय फाटतील. ती म्हणाली, "ह्या मातीत काळा कागद डोळ्याला दिसत न्हाय, बाई. पायाला कळतो. मऊ लागलं की थांबायचं."

आणि ती ओळ हलली. कुणी बोलत नव्हतं. तण काढताना, भांगलणीला, बायका गप्पा मारतात, गाणी म्हणतात, इथे फक्त पावलांचा आवाज. मध्येच कुणीतरी वाकायची, ढेकूळ बाजूला करायची आणि काहीतरी उचलून कमरेला खोचलेल्या पदराच्या ओट्यात टाकायची. वेफर्सचं पाकीट, शाम्पूची पुडी, गुटख्याची पुडी, गोळ्यांची रिकामी पट्टी, ठिबकच्या नळीचा तुकडा, पतंगाच्या मांजाची गुंतवळ. कलिंगडाच्या वाफ्यावर शेतकरी जो काळा प्लास्टिकचा कागद अंथरतात, त्याच्या तर चिंध्या चिंध्या. रस्त्याकडेच्या बाजूला थर्माकोलच्या पत्रावळी होत्या, कुठल्याशा लग्नातल्या, टेम्पोनं आणून ओतलेल्या. म्हणजे शहराचं होतं, गावाचं होतं आणि शेतकऱ्याचंही होतं. कुणी कुणाला नावं ठेवावीत अशी सोय नव्हती.

माझी नजर काही वाईट नाही. चौतीस वर्षं वह्या तपासल्यात. तरी मी ज्या पट्ट्यातून गेले, त्यातूनच बायाक्का परत आली आणि माझ्या डोळ्यांदेखत मूठभर गोळा केलं तिनं. नखाएवढे तुकडेसुद्धा. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला आपण काहीतरी विलक्षण बघतोय असं वाटत होतं. सूर्य वर आला, पाच बायकांच्या सावल्या त्या काळ्या रानावर लांबच लांब पडल्या, आणि सबंध दोन एकर जमीन त्यांनी तळपायानं वाचून काढली. देवळाचा गाभारा पुसतानाही मी इतकं मन लावलेलं कुणाला पाहिलेलं नाही.

मग ओटे एका खताच्या पोत्यात रिकामे झाले. पोतं माझ्या कमरेला लागेल एवढं फुगलेलं होतं आणि तोंड सुतळीनं शिवल्यासारखं बांधलेलं. कोमल म्हणाली, ते दिवाळीपासून घोड्यावर बरोबर आहे. मी विचारलं, वाटेत कुठेतरी टाकून का देत नाही?

"कुटं टाकायचं?" बायाक्का म्हणाली. "वड्यात टाकलं तर म्होरं कुणाची तरी जनावरं पाण्याला येत्यात. जाळलं तर त्याचा गोळा हुतो, त्यो बी रानातच ऱ्हातो. पुरलं तर नांगर वर काढतो. जितं कुणाचंच जनावर येत न्हाय अशी जागा आमाला अजून घावली न्हाय."

तीन-चार महिने ती माणसं आपला संसार घोड्यावर लादून चालत होती आणि त्या संसारात दुसऱ्यांनी टाकलेल्या कचऱ्याचं हे पोतं होतं. मी काल दिलेलं व्याख्यान मला आठवलं आणि मी पदरानं तोंड पुसलं.

काळतोंडी

कळपात एक मेंढी होती, अंगानं पांढुरकी आणि तोंड मात्र काजळ फासल्यासारखं. तिला काळतोंडीच म्हणत. ती चालली की कळप चालायचा. ओढा ओलांडायचा तर आधी तिनं पाय घालायचा, मग बाकीच्यांनी. बायाक्कानं तिला लहानपणी हातावर दूध पाजून वाढवलं होतं आणि आता ती गाभण होती.

दुपारी मेंढरं बाभळीच्या सावलीला आली. वारं सुटलं होतं. मी बाजेवर पडून पेंगत होते. कुत्रं भुंकलं म्हणून डोळे उघडले, तर काळतोंडी मान ताणून उभी होती, तोंडातून फेस, आणि ओठाबाहेर निळं काहीतरी लोंबत होतं.

मी बाभळीकडे पाहिलं. फांदी रिकामी होती.

पुढे जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. सुबरावांनी मेंढीला दोन पायांत धरलं आणि तिच्या दाढांमध्ये आडवं लाकूड दिलं. बायाक्कानं हाताला गोडं तेल लावलं आणि बोटं आत घातली. ओढायची घाई नाही. मेंढी गिळायला लागली की ती थांबायची, श्वास बाहेर सोडला की बोटभर ओढायची. सारखी तिच्याशी हळू आवाजात बोलत होती. निळी पिशवी बाहेर येत होती, पिळा पडलेली, लाळेनं चकाकणारी. त्या हातांत जोर किती होता आणि धीर किती होता, कसं सांगू? मी आयुष्यभर लोकांना ओरडून वळण लावलं. ही बाई एका मुक्या जिवाच्या घशातून मरण बाहेर काढत होती आणि तिचा आवाज एकदाही चढला नाही.

शेवटी पिशवी आली. काळतोंडी धडपडून बाजूला झाली, खोकली आणि मान खाली घालून उभी राहिली.

कोमलनं पिशवी जमिनीवर पसरली. फाटकी होती, तिनं कडेला कड जुळवून लावली. तळहाताएवढा तुकडा कमी होता. गाठ तशीच शाबूत होती, दोन कानांसकट. कोमल तिच्याकडे बघून म्हणाली, "असली गाठ आपल्यात कोन मारतंय?"

चौतीस वर्षं पोरांना 'कुणी केलं ते उभं राहून सांगा' म्हणणारी बाई बाजेच्या काठावर बसून राहिली.

तो तुकडा पोटात गेला असला तर काय, हे सुबरावांनी सांगितलं. मेंढी आज मरणार नाही. रवंथ बंद होईल, पोट फुगेल, पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं पडेल, आणि पोटातलं कोकरूही जाईल. तुकडा बाहेर कुठे फाटून पडला असला तर ती वाचली. म्हणून सगळ्या पुन्हा चपला काढून उभ्या राहिल्या. या वेळी मीही काढल्या. ऊन कललं, धसकटं टोचत होती, दोन ठिकाणी रक्त आलं. मी सगळ्यांत खाली वाकून शोधत होते. सकाळी याच बाभळीखालून आमची ओळ गेली होती, सगळ्यांच्या नजरा खाली होत्या आणि माझी पिशवी त्यांच्या डोक्यावर लटकत होती. दिवस मावळला तरी तुकडा सापडला नाही.

निघताना

पहाटे मी उठून वाघरीपाशी गेले. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती दोऱ्यांची जाळी. बायाक्का आधीच आत उकिडवी बसली होती. काळतोंडी बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि तिचा खालचा जबडा आडवा हलत होता. एकदा, परत एकदा. रवंथ करत होती.

मी जाळीबाहेरूनच बोलले. पिशवी माझी होती, म्हटलं. गाठ माझी होती. कालच सांगायला हवं होतं. माझा आवाज इतका बारीक मी स्वतः कधी ऐकला नव्हता.

बायाक्का म्हणाली, "आमाला ठावं हाय की. शेंगापोळीचा वास येत हुता तिला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी काय मुद्दाम केलं व्हय? बांधून ठेवलं म्हंजे संपलं, असं वाटलं तुमाला." तिनं मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. "मेंढराला गाठ दिसत न्हाय, बाई. त्याला आतला वास येतो."

मला रडू आलं. तिनं मला रडू दिलं आणि मग चहा टाकायला गेली. तुकड्याचं विचारलं तर म्हणाली, आज रवंथ करतीय, पण खरं काय ते ती व्यायल्यावरच कळायचं. अजून महिना आहे.

निघायच्या दिवशी माझी पिशवी जीपमध्ये ठेवली तशी बायाक्का ते खताचं पोतं ओढत घेऊन आली. वरच्या तोंडाशी माझी निळी पिशवी होती, स्वच्छ धुतलेली, घडी घातलेली. ती जरा संकोचून म्हणाली, "एवढं घेऊन जाल का? तुमच्याकडं जागा असती म्हनालात."

आता कळलं ती दोनदा का विचारत होती. मी पोतं उचललं. वजनाला हलकं होतं, आकारानं मात्र कवेत न मावणारं. मेंढरांपुढे काळतोंडी उभी होती, मी तिला हात जोडले. सुबराव हसले, पण मला त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही.

रेल्वेत पोतं दाराशी ठेवून त्याला धरून उभी राहिले. एका गृहस्थानं विचारलं, काय आहे? मी म्हटलं, कचरा. कुठून आणला? म्हटलं, केमहून. तो दुसऱ्या दाराकडे निघून गेला. समोरची दोन शिकलेली माणसं शेंगा खाऊन झाल्यावर मोकळी पुडी खिडकीतून सोडून मोकळी झाली. ती वाऱ्यावर उडत काळ्या रानात उतरली आणि मला तिच्यामागे अनवाणी चालणाऱ्या पाच बायका दिसल्या. मी दोघांना जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

सोलापूर

सकाळी घंटागाडी आली. मी पोतं घेऊन फाटकाशी उभी. गाडीवरच्या माणसाला मी वर्षानुवर्षं ओळखते, पण गाडी कुठे जाते हे त्याला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. शहराबाहेर, डेपोवर, तो म्हणाला.

मी विचारलं, "तिथे जनावरं येतात का?"

"येत्यात की. शेरडं, मेंढरं, गाया. लई चरायला मिळतं तितं," असं म्हणून त्यानं पोतं घ्यायला हात पुढे केला.

मी पोतं मागे घेतलं. जिना चढून परत वर आणलं आणि गॅलरीत ठेवलं.

ते अजून तिथेच आहे. भंगारवाल्यानं त्यातलं थोडं वेगळं करून नेलं, बाकीच्याला त्यानंही हात जोडले. सोसायटीत आता मला उघड कचराबाई म्हणतात. मी घरातल्या कुठल्याच पिशवीला गाठ मारत नाही. उरलंसुरलं कुंडीत जातं, आणि संध्याकाळी त्या मोकळ्या प्लॉटवर उतरून इतरांच्या पिशव्यांच्या गाठी सोडून रिकाम्या पिशव्या उचलून आणते, कारण तिथे गाया येतात. दोघी शेजारणी अधूनमधून बरोबर येतात. त्यातली एक माझ्याशी न बोलणारी आहे, ती अजूनही बोलत नाही, पण येते.

महिन्याभरानं बायाक्काचा फोन आला. मागे मेंढरांचा कालवा चालू होता. काळतोंडी व्यायली, म्हणाली. कोकराचं तोंडही काळंच आहे. दोघं खुशाल. मी गॅलरीतच पोत्याला टेकून खाली बसले.

मग तिनं विचारलं, "पोत्याचं काम झालं न्हवं?"

खोटं सांगणं सोपं होतं. पण मी म्हटलं, नाही झालं. मी जागा असते म्हणाले होते, ती खरी नव्हती. शोधतेय अजून.



"बरं," बायाक्का म्हणाली. "घावली की सांगा. हितं दुसरं भरत आलंय."